चार हजार शब्दांचा निबंध: तुमची गाडी कुठं अडली होती?

आयबी डिप्लोमा (अकरावी-बारावीच्या पातळीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला एक्स्टेंडेड एसे, म्हणजे स्वतः संशोधन करून लिहायचा मोठा निबंध, येतो. विषय स्वतः निवडायचा, प्रश्न स्वतः घडवायचा, शब्द जास्तीत जास्त ४०००. याला साधारण ४० तास लागतात असं धरलेलं असतं (ज्यांनी धरलं त्यांना एकदा भेटायचंय). इंग्लंडमधल्या शाळांत ईपीक्यू नावाचा असाच प्रकल्प असतो, त्याचा निबंध ५००० शब्दांच्या आसपास; अमेरिकेतल्या एपी रिसर्च या अभ्यासक्रमाचा पेपर ४००० ते ५०००. नाव काहीही असो, सोळा-सतराव्या वर्षी पहिल्यांदाच कुणीतरी "तूच ठरव" म्हणतं आणि हातपाय गार पडतात. माझा भाचा सध्या तिथंच अडकलाय. विषय काय घेतलास विचारलं तर म्हणाला, "हवामानबदल." बस, एवढंच.

तेव्हा ज्यांनी असा निबंध लिहिलाय, लिहून घेतलाय किंवा घरात लिहिला जाताना पाहिलाय त्यांनी सांगा. उपदेश नकोत, झालेलं सांगा. उत्तराच्या वर टोपणनाव टाकलंत तरी चालेल.

जुनी वही

भाच्याला सांगा, माझाही विषय तसाच होता: "लंडनमधला कॉलरा". सुट्टीभर वाचलं, वही भरली आणि लिहायला बसले तर विश्वकोशातली नोंद तयार व्हायला लागली. इतिहासाचे सर वाचून म्हणाले, "यात तुझं भांडण कुणाशी आहे?" मी गप्प. मग त्यांनी एकच काम दिलं. सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट घे आणि तिच्यातल्या तारखा लावून बघ.

गोष्ट अशी, की १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली, डॉ. जॉन स्नोनं नकाशावर मृत्यू मांडले, ब्रॉड स्ट्रीटचा पाण्याचा पंप पकडला, त्याचा दांडा काढायला लावला आणि साथ थांबली. तारखा लावल्या. दांडा निघाला ८ सप्टेंबरला. मृत्यू मात्र त्याआधीच उतरणीला लागले होते, कारण लोक घरं सोडून पळाले होते. आणि हे लिहून कुणी ठेवलंय? खुद्द स्नोनं, १८५५ च्या पुस्तकात! तो प्रसिद्ध नकाशासुद्धा दांडा निघाल्यानंतरचा. त्या रात्री मला झोप आली नाही.

प्रश्न ठरला: दांडा काढल्यानं साथ आटोक्यात आली, या म्हणण्याला त्या काळच्या पुराव्यांचा कितपत आधार आहे? पुढं काय वाचायचं हे कुणाला विचारावं लागलंच नाही. हेन्री व्हाइटहेड नावाचा तिथला तरुण पाद्री, कॉलरा त्या पंपाच्या पाण्यातून पसरला हे स्नोचं म्हणणं खोडायला निघाला होता आणि घरोघर चौकशी करता करता स्नोच्याच बाजूला आला. त्याला मी निबंधातला एक अख्खा भाग दिला. पहिल्या वहीतली बहुतेक पानं मात्र वाया गेली. अजून जपून ठेवलीयत, का ते माहीत नाही.

ब्युरेट

रसायनशास्त्र. तापमान वाढलं की संत्र्याच्या रसातलं क जीवनसत्त्व किती कमी होतं, हे आयोडीनच्या टायट्रेशननं मोजायचं होतं. स्टार्च घातलेल्या रसात आयोडीन थेंब थेंब सोडायचं, निळा-काळा रंग टिकला की थांबायचं; जितकं आयोडीन लागलं तितकं जीवनसत्त्व. रस मुळात पिवळा, त्यामुळे रंग टिकलाय की नाही यावरच माझी आणि मित्राची रोज वादावादी. शेवटी बीकरखाली पांढरा कागद ठेवला आणि रस पातळ करून घेतला.

खरी गंमत पुढं. ८० अंशांवर अर्धा तास तापवलेल्या रसात जीवनसत्त्व वाढलेलं निघालं! तीनदा केलं, तिन्ही वेळा वाढलेलंच. माझं धाबं दणाणलं. खरं सांगतो, आकडे "नीट" करायचा मोह झाला होता. मॅडमनी एवढंच विचारलं, "तापवायच्या आधी बीकरमध्ये किती रस होता आणि नंतर किती?" उघडं बीकर. पाणी उडून रस घट्ट झाला होता. जीवनसत्त्व वाढलं नव्हतं, पाणी कमी झालं होतं.

मग झाकण ठेवून तापवलं, थंड झाल्यावर ऊर्ध्वपातित पाणी घालून मूळ आकारमान केलं, तेव्हा आकडे उतरले. निबंधात मी फसलेला प्रयोगही तक्त्यासकट ठेवला. शेवटच्या मुलाखतीत, म्हणजे वायवात, निम्मा वेळ त्याच्यावरच बोलणं झालं.

लाल पेनवाली

मी शाळेत या निबंधाची सुपरवायझर, म्हणजे मार्गदर्शक शिक्षिका आहे. एका मुलामागे तीन ते पाच तास मिळतात आणि पूर्ण मसुद्यावर शेरे एकदाच देता येतात. मुलांना हे सांगितलेलं असतं, तरी अर्धवट मसुदा "मॅडम, बघता का जरा" म्हणून पुढं सरकतोच. मी घेत नाही. त्याबद्दल पालकांचे फोन येतात.

अडकलेली मुलं फारशी त्रास देत नाहीत, गायब होणारी देतात. दोन महिने तोंड दाखवायचं नाही, जिन्यात दिसले तर दुसऱ्या बाजूनं जायचं. कारण एकच: काही झालेलं नाही हे सांगायची लाज. आता मी पहिल्याच भेटीत सांगते, कोऱ्या हातानं आलास तरी चालेल, पण ये. आणि येताना एक वाक्य लिहून आण: "माझं उत्तर चुकीचं आहे हे मला कशावरून कळेल?" ज्याला हे वाक्य लिहिता येत नाही त्याच्याकडे अजून प्रश्न नाही, नुसता विषय आहे. भाच्याला विचारून बघा.

दमलेला बाप

टीओके (थिअरी ऑफ नॉलेज, आयबीतला सक्तीचा विषय) आणि हा निबंध मिळून डिप्लोमाच्या ४५ पैकी जास्तीत जास्त ३ गुण, आणि निबंधात ई ही सगळ्यात खालची श्रेणी आली तर डिप्लोमाच हातचा जातो. हे गणित कुणी समजावेल का?

स्वयंपाकघराच्या टेबलावरून

लेकीचा निबंध अर्थशास्त्राचा, मी भाषेची शिक्षिका. पहिला मसुदा हातात आल्यावर वाक्यं सुधारत सुटले. तिनं कागद ओढून घेतला: "आई, हे आता माझं वाटत नाही." लागलं ते. मग आमचं ठरलं की मी वाचायचं नाही, फक्त ऐकायचं. ती समजावून सांगायची. जिथं ती "ते असंच असतं गं" म्हणेल तिथं समासात फुली. पहिल्या संध्याकाळी अकरा फुल्या पडल्या. मागणीची लवचिकता (किंमत बदलली की मागणी किती बदलते) म्हणजे काय हे मला त्या फुल्यांमुळे कळलं, आणि बहुधा तिलाही.

मधलाच

मानसशास्त्र घेणाऱ्यांनी आधी नियम वाचा. मी साठ जणांकडून प्रश्नावली भरून घेतली, मग कळलं की या विषयात स्वतः गोळा केलेली माहिती चालतच नाही, छापलेल्या संशोधनावरच लिहायचं असतं. साठ जणांचे आभार मानले आणि गठ्ठा रद्दीत.

कात्री

माझे ५६०० शब्द झाले होते. ४००० च्या पुढचं परीक्षक वाचत नाहीत, आणि माझा निष्कर्ष नेमका तिथंच. विशेषणं काढली, दीडशे शब्द गेले. प्रस्तावना अर्धी केली, तीनशे. शेवटी सगळ्यात आवडता परिच्छेद गेला, कारण त्यातलं मुख्य अवतरण कुठल्या पानावरचं हेच टिपलं नव्हतं. ग्रंथालयात दोन दिवस ते पुस्तक पुढून मागून चाळलं. निबंध दिल्यावर आठवड्यानं सापडलं, पान २१४, तळटीप.