वेदनाशामकं डोक्यात राहत नाहीत, अभ्यास कसा करू?

रिकामी_बरणी:
फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, केटोरोलॅक, सगळ्यांचं वर्णन एकसारखंच वाटतं. फ्लॅशकार्डांनी नावं पाठ झाली, पण तोंडी परीक्षेत ‘मग हेच का, ते का नाही?’ विचारलं की माझी बोलती बंद. तुम्ही कसं केलंत?

खलबत्ता:
एकसारखं वाटतं कारण बरंचसं आहेच तसं. या गटातलं (एनएसएआयडी, म्हणजे स्टेरॉइड नसलेली, सूजही उतरवणारी वेदनाशामकं) एकच औषध मुळापासून कर, समज आयबुप्रोफेन. कॉक्स हे एन्झाइम प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनवतं; ते अडलं की प्रोस्टाग्लँडिन घटतात, म्हणून दुखणं, सूज, ताप उतरतो. पण जठराचं अस्तर आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळायलाही हेच प्रोस्टाग्लँडिन लागतात. मग अल्सर आणि किडनीचा त्रास वेगळा पाठ करायची गरजच काय?

बाकीच्यांचे फक्त फरक लिही. आयबुप्रोफेनचं अर्धायुष्य (रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ) सुमारे 2 तास, नॅप्रोक्सेनचं 12 ते 17, म्हणून नॅप्रोक्सेन दिवसातून दोनदा पुरतं. ॲस्पिरिन कॉक्सला कायमचं निकामी करतं. प्लेटलेटला केंद्रक नाही, नवं एन्झाइम बनत नाही, त्यामुळे परिणाम त्या प्लेटलेटच्या आयुष्यभर, 7 ते 10 दिवस. सेलेकॉक्सिबचा भर कॉक्स-2 वर (सूज-वेदनेशी जास्त जोडलेला कॉक्सचा प्रकार), पोटाला त्यामानाने सौम्य, पण हृदयाचा धोका राहतोच. रोफेकॉक्सिब 2004 मध्ये त्याच धोक्यापायी बाजारातून गेलं. केटोरोलॅक तीव्र वेदनेला, तेही मोजके दिवस.

रिकामी_बरणी:
हे भारी आहे! म्हणजे पॅरासिटामॉल सगळ्यात सोपं, बरोबर?

मात्रा_मोजा:
सोपं वाटतं म्हणून तर परीक्षक तिथेच धरतात. खलबत्ता यांनी सांगितलेल्या गटात ते बसवू नकोस. ताप, दुखणं कमी करतं, सूज फारशी नाही. निरोगी प्रौढाला 24 तासांत कमाल 4 ग्रॅम. त्याहून जास्त झालं की यकृतातलं ग्लुटाथायोन (पॅरासिटामॉलपासून बनणारा विषारी घटक निकामी करणारं द्रव्य) संपतं आणि तो घटक पेशींना जाळतो. उतारा ॲसिटिलसिस्टीन. लोक हे मुद्दाम करतात असं नाही: सर्दीच्या मिश्र गोळीत पॅरासिटामॉल असतं, वर तापाची वेगळी गोळी. म्हणून पाठांतरापेक्षा पाकिटामागचे घटक वाचायची सवय लाव.

आणि प्रत्येक औषधापुढे ‘कोणाला नको’ हा रकाना ठेव. तापातल्या मुलांना ॲस्पिरिन नको, राय सिंड्रोममुळे (मेंदू आणि यकृताला इजा करणारा दुर्मिळ आजार). रक्तदाबासाठी एसीई इनहिबिटर (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) आणि डाययुरेटिक (लघवी वाढवणारं औषध) दोन्ही चालू असतील, तर त्यात आयबुप्रोफेनची भर किडनीला महागात पडू शकते. तोंडी परीक्षेतला ‘का नाही’ इथूनच येतो.

खलबत्ता:
+१. तो रकाना माझ्याकडून राहिलाच होता.

रिकामी_बरणी:
ओपिऑइड्सही (मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं) असंच करू का?

मात्रा_मोजा:
हो, पण मॉर्फिन केंद्रस्थानी ठेवून. कोडीनचं काम बरंचसं यकृतातलं सीवायपी2डी6 हे एन्झाइम त्याचं मॉर्फिन करतं त्यावर चालतं. हे एन्झाइम कोणात मंद, कोणात अतिवेगवान, म्हणून एकाच डोसने एकाला काहीच नाही आणि दुसऱ्याचा श्वास मंदावतो. ट्रॅमाडॉल सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनालाही हात घालतं आणि नैराश्याची बरीच औषधंही तेच करतात, तेव्हा रुग्ण नैराश्याची औषधं घेतोय का ते आधी विचार. ओपिऑइड्सचा उतारा नॅलोक्सोन, तेही याच वहीत, याच पानावर लिही.