एमएसडब्ल्यू झालं, एलएलबी झालं, आता नेमकं कुठं जाऊ? (कोर्ट, कामगार कायदा की संकटातली मदत)

चाकणची_पाहुणी:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. वय २६, मूळ गाव सोलापूरकडचं, आधी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) केलं, मग नोकरी करत एलएलबी. बार कौन्सिलची परीक्षा पण पास झालेय, वकिलीची सनद मात्र अजून घेतली नाही. सध्या चाकणला एका लेबर कॉन्ट्रॅक्टरकडे एचआरला आहे. एचआर म्हणजे काय तर हजेरी, पीएफ, ईएसआय (कामगार विमा) आणि कुणी चार दिवस आला नाही की फोन लावायचे.

मागच्या महिन्यात प्रेस मशीनवर एका हेल्परची दोन बोटं गेली. पोरगा २० वर्षांचा. कामाला लागून पाच आठवडे झालेले तरी त्याची ईएसआयची नोंदणीच नव्हती, ती अपघाताच्या दुसऱ्या दिवशी झाली आणि जॉइनिंगची तारीखही तीच टाकायची ठरली. तेव्हापासून ऑफिसात मन लागत नाहीये.

डोक्यात तीन गोष्टी आहेत. एक, फौजदारी, म्हणजे सरकारी वकील किंवा लीगल एड (गरिबांना फुकट वकील देतात ते). दुसरी, एखाद्या सीनियरकडे कामगार कायद्याची प्रॅक्टिस. तिसरी, संकटात सापडलेल्यांना मदत, हेल्पलाइन, पोलीस स्टेशनातलं समुपदेशन, आपत्ती व्यवस्थापन वगैरे. सुदुंबऱ्यावरून जाताना एनडीआरएफच्या (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या) गाड्या दिसतात आणि दर वेळी वाटतं की असं काहीतरी करावं. घरचे म्हणतात एमपीएससी दे आणि गप्प बस. या लाइनमधल्या कुणी खरं काय ते सांगा ना, पगारासकट.

रिमांडवाला:
ताई, मी जिल्ह्याच्या ठिकाणी लीगल एड डिफेन्स कौन्सिलच्या ऑफिसात असिस्टंट आहे. नालसाने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने) २०२२ पासून ही पद्धत आणली. आधी पॅनलवरच्या वकिलाला केसमागे पैसे मिळायचे, आता आमचं पूर्णवेळ ऑफिस असतं, बाहेरची प्रॅक्टिस चालत नाही. चीफ व्हायला १० वर्षं फौजदारी प्रॅक्टिस लागते, डेप्युटीला ७, पण असिस्टंटला शून्य ते ३ वर्षंवाले चालतात, म्हणजे तू बसतेस त्यात. कंत्राटी आहे हे आधीच ऐकून ठेव. पगार वेळेवर होतो असं मी म्हणणार नाही, होतो एवढंच म्हणतो.

काम कसलं विचारशील तर सकाळी आदल्या रात्री कुणाला अटक झाली ते बघायचं, दुपारी रिमांड, आठवड्यातून एकदा जेल. तुरुंगातल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो, बायकांना मिळतो, एससी एसटीला मिळतो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ बघ. पण हे त्यांना माहीतच नसतं आणि आपल्याकडे अशी समजूत की फुकटचा वकील म्हणजे कामचुकार. पहिले सहा महिने तर आरोपीच मला विचारायचे, साहेब खरा वकील कधी येणार?

एक प्रसंग सांगतो. चोरीच्या केसमध्ये एकाला जामीन मंजूर झाला, १५ हजारांचा, एक जामीनदार. माणूस वीटभट्टीवरचा, बाहेरच्या जिल्ह्यातला, इथं त्याला ओळखणारं कुत्रं नाही. जामीन होऊनही सात आठवडे आतच. जेलमध्ये दर शुक्रवारी भेटायचा आणि एकच विचारायचा, साहेब कागद आला का? शेवटी अटीत बदल करून घेण्यासाठी अर्ज टाकला आणि मोतीरामचा निकाल दाखवला. १९७८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, तिथंही माणूस गरीबच, गवंडी होता, १० हजारांचा जामीन सांगितला आणि वर जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला, न्यायमूर्ती कृष्णा अय्यरांनी फार खरमरीत लिहिलंय. एवढ्या वर्षांनी तोच मुद्दा त्याच शब्दांत मांडावा लागतो. आता २०२३ पासून केंद्राची गरीब कैद्यांसाठी योजना पण आहे, कच्च्या कैद्याला जामिनासाठी पैशाची मदत होऊ शकते, फक्त कुणीतरी त्याचा कागद हलवावा लागतो. ते कुणीतरी म्हणजे आम्ही.

नवीन फौजदारी कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले, त्यामुळे तुला एक फायदा आहे. सीनियर मंडळी अजून तोंडाने जामिनाची जुनी कलमं ४३८, ४३९ म्हणतात आणि मग नवी ४८२, ४८३ शोधतात, तू थेट नवीनच पाठ कर. बीएनएसएसचं (सीआरपीसीच्या जागी आलेल्या संहितेचं) ४७९ तर पाठच पाहिजे, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेला असेल तर जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर बाँडवर सोडायची तरतूद आहे, जन्मठेप आणि फाशीच्या गुन्ह्यांना लागू नाही. हे आकडे जेलमध्ये बसून बोटांवर मोजता आले पाहिजेत, कारण समोरचा कैदी तुझ्या आधी मोजून बसलेला असतो.

सरकारी वकिलाचं म्हणशील तर एमपीएससीची जाहिरात येईल तेव्हा अनुभवाची अट नीट वाच. न्यायाधीश व्हायचं मनात असेल तर मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ३ वर्षं प्रॅक्टिसची अट परत आणलीय, त्यामुळे सनद लटकवून ठेवू नकोस. आणि पूर्णवेळ नोकरी करत सनद वापरता येत नाही हेही ध्यानात ठेव, एक काहीतरी सोडावं लागेल.

सातपूरचे_काका:
मी २२ वर्षं कामगार कोर्टात आहे, आधी युनियनकडून, आता मॅनेजमेंटची पण कामं घेतो, लपवत नाही. पोरी, तू लिहिलंस त्यात मला एकच प्रश्न पडला. ती जॉइनिंगची तारीख तू टाकलीस का?

उत्तर देशील न देशील, पण या लाइनमध्ये हाच प्रश्न दर आठवड्याला येतो. मॅनेजमेंटकडून असलीस की मागच्या तारखेचं चार्जशीट मागतात, युनियनकडून असलीस की न झालेला ओव्हरटाइम लिहून आणतात.

आता कामाचं. कामगार कायद्यात वकिलाची एक गंमत आहे जी कॉलेजात कुणी सांगत नाही. औद्योगिक विवाद कायदा १९४७ मध्ये वकिलाला सरळ उभंच राहता येत नव्हतं, कलम ३६ प्रमाणे समोरच्याची संमती आणि कोर्टाची परवानगी लागायची. त्यामुळे युनियनचे पदाधिकारी केस चालवायचे, दहावी शिकलेले, आणि भल्याभल्या वकिलांची उलटतपासणीत भंबेरी उडवायचे. मी शिकलो ते अशाच एका मास्तरांकडून. ते आधी कामगाराला चहा पाजायचे, मग पिशवी उलटी करायला लावायचे. प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळं असतं बघ, पंचिंग कार्ड, फाटकी पगारस्लिप, गेटपास, लग्नासाठी रजा मागितलेला अर्ज. निम्मी केस त्या पिशवीत असते आणि कामगाराला वाटतं हा कचरा आहे.

महाराष्ट्रात एमआरटीयू पल्प म्हणजे कामगार संघटना आणि अनुचित कामगार प्रथांचा १९७१ चा कायदा आला पाहिजे. अनुचित प्रथेची तक्रार ९० दिवसांत टाकायची, नाहीतर उशीर माफीचा अर्ज घेऊन उभं राहायचं. आता जुने कामगार कायदे एकत्र करणारे चार लेबर कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेत. कपातीसाठी सरकारची परवानगी लागायची ती मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर गेली, फिक्स्ड टर्मवाल्याला (ठरावीक मुदतीच्या कामगाराला) एका वर्षावर ग्रॅच्युइटी आली. पण जुने दावे बरीच वर्षं जुन्याच कलमांवर भांडले जाणार, त्यामुळे तुला दोन्ही पुस्तकं उशाला घ्यावी लागतील. म्हाताऱ्या वकिलांना हे जड जातंय, तुमच्या वयाच्या पोरांना म्हणून जागा आहे.

पैसे: सीनियरकडे पहिली दोन वर्षं पेट्रोल सुटलं तरी नशीब. चौकशी अधिकारी म्हणून कंपन्या बोलावतात, तिथं बरे मिळतात. पॉश कमिटीवर (कामाच्या जागी लैंगिक छळाच्या तक्रारी बघणारी) बाहेरचा सदस्य लागतो, १० किंवा जास्त माणसं असली की कमिटी बंधनकारक आहे, तुझं एमएसडब्ल्यू तिथं उपयोगी पडेल. पण तीन महिन्यांतून एकदा सही करायला बोलावणाऱ्या कंपन्या निघतात, त्यांना नाही म्हणायला शीक.

सेलवाली:
एनडीआरएफचं आधी सांगते म्हणजे तो विषय संपेल. तिथं थेट भरती होत नाही. सीआरपीएफ, बीएसएफ, आयटीबीपी असल्या दलांतून माणसं डेप्युटेशनवर येतात. तुला जिल्हाधिकारी ऑफिसातलं आपत्ती व्यवस्थापन मिळू शकतं, नाहीतर संस्थांचं पुनर्वसनाचं काम. दोन्हीकडे दोरखंड कमी आणि याद्या जास्त.

आणि याद्यांना नाक मुरडू नकोस. २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडीवर दरड आली, २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसं बेपत्ता राहिली. टीव्हीवाले चार दिवसांनी गेले. बेपत्ता माणसाच्या घरी काय होतं विचार कर, मृत्यूचा दाखला नाही म्हणजे वारसनोंद अडली, बँक अडली. एरवीचा नियम असा की सात वर्षं खबर नसेल तर माणूस मेला असं धरायचं, अशा वेळी सरकारला वेगळी वाट काढावी लागते. तिथं बाईचा हात धरून बसणारी पण लागते आणि तहसीलदारासमोर कागद मांडणारी पण लागते. तुझ्याकडे दोन्ही डिग्र्या आहेत.

मी स्वतः पोलीस स्टेशनच्या आवारात महिला व बालकांच्या विशेष कक्षात आहे. टिसने (टाटा समाजविज्ञान संस्थेने) १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर हे सुरू केलं, आता राज्यभर आहे. आमची खोली पोलीस स्टेशनातच पण आम्ही पोलीस नाही, हे दिवसातून दहा वेळा सांगावं लागतं. बाई येते ती आधी म्हणते, मला काही तक्रार नाही, नुसतं बोलायला आले. मग बॅग खाली ठेवते. बॅग किती मोठी आहे ते मी बघते. छोटी पर्स असली तर ती संध्याकाळी परत जाणार आहे, आणि मुलांची दप्तरं पण आणली असतील तर आजच निवाऱ्याची सोय बघावी लागणार. हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही.

मला सुरुवातीला हातात १८ हजार यायचे, तेही कधी तीन महिने एकदम. रात्री फोन येतात. दोन वर्षांनी मला घरात कुणी मोठ्याने बोललं तरी धडधडायचं, मग मी स्वतःच समुपदेशकाकडे गेले, लाज वाटली नाही. टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ दुसऱ्यांना देत होते तो एका रात्री मीच लावला.

@सातपूरचे_काका, तुमचा प्रश्न बरोबर आहे पण जाहीर विचारायला नको होता.

एकदाच_सांगतो:
घरचे बरोबर बोलतायत. एमपीएससी दे, सरकारी कामगार अधिकारी हो. सगळीकडे कंत्राटी चाललंय आणि इथं लोक समाजसेवेच्या गप्पा मारतायत. स्वतःच कंत्राटी असलेला माणूस दुसऱ्याच्या हक्कासाठी कसा भांडणार?

रिमांडवाला:
@एकदाच_सांगतो शेवटच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. मागच्या वर्षी नूतनीकरणाची ऑर्डर येईपर्यंत महिनाभर मी पण हाच विचार करत होतो, आणि शुक्रवारी जेलला जातच होतो.

चाकणची_पाहुणी:
सगळ्यांना थँक्यू, दोनदा वाचलं. काका, प्रश्न बरोबर होता, जाहीर विचारलात तेही बरं झालं. तारीख मी टाकली नाही. पण नाहीही म्हटलं नाही. त्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून हाफ डे टाकला आणि शेजारच्या टेबलवरच्या मुलाने टाकली. महिनाभर तेच टोचतंय, करिअर वगैरे बहुतेक त्याच्यामुळेच सुचतंय.

सातपूरचे_काका:
बरं झालं बोललीस. मग करिअर दोन दिवस बाजूला ठेव. मालकाने नोंदणी केली नाही म्हणून कामगाराचा हक्क बुडत नाही, ईएसआय महामंडळ कामगाराला लाभ देऊन मालकाकडून वसूल करू शकतं, आणि कॉन्ट्रॅक्टर हात वर करत असेल तर मूळ कंपनी पण जबाबदार आहे. पण तो आधीपासून कामाला होता हे दाखवावं लागेल. अपघाताआधीचा गेटपास, हजेरी, बँकेत आलेला पगार, सोबतच्या दोघांची नावं. आणि पहिल्या दवाखान्यातला केसपेपर, त्यावर काय वेळ आणि काय कारण लिहिलंय ते बघ. घरी पडून लागलं असं लिहून घेतात कधी कधी. पोरगा आहे कुठं?

चाकणची_पाहुणी:
गावी गेलाय, जिंतूरकडे. नंबर आहे माझ्याकडे. केसपेपरचा फोटो त्याने तेव्हाच व्हॉट्सॲपवर पाठवलेला, मी उघडूनच बघितला नव्हता. आत्ता बघितला. कारणाच्या जागी "मशीनमध्ये हात" असंच लिहिलंय, आणि मागच्या बाजूला कुणीतरी पेनाने आमच्या गेटचा नंबर टाकलाय.

सातपूरचे_काका:
तो कागद मूळचा त्याच्याकडेच आहे का ते विचार. असेल तर म्हणावं कुणाच्या हातात देऊ नको, झेरॉक्सला पण स्वतः जा.