मदत हवी आहे: हार्ड डिस्क गेली, आजीच्या ओव्या परत मिळतील का?

नमस्कार मंडळी. घरच्या कॉम्प्युटरची १ टीबीची हार्ड डिस्क परवा अचानक बंद पडली. चालू केली की टक्-टक् आवाज येतो, विंडोजला दिसतच नाही. तेव्हापासून ती पुन्हा चालू केलेली नाही. हेड (चकतीवरचा डेटा वाचणारा भाग) बिघडलं असेल तर दर वेळी आतली चकती आणखी खरवडली जाऊ शकते.

फोटो बरेचसे नातेवाइकांकडून गोळा होतील, व्हॉट्सअ‍ॅपवर साइज कमी झालेले का होईना. पण आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग दुसरीकडे कुठेच नाही, आणि आजीही आता नाही. दुसरी कॉपी ठेवली नाही, ही चूक माझीच.

जवळचा दुकानदार म्हणाला, तशाच दुसऱ्या डिस्कचं सर्किट बोर्ड बसवून बघू. मी नको म्हटलं, कारण बोर्डावरच्या चिपमध्ये त्या-त्या डिस्कची स्वतःची माहिती असते. बरोबर केलं ना?

पुण्या-मुंबईत क्लीन रूममध्ये (धूळ नसलेल्या खास खोलीत) डिस्क उघडून हेड बदलून देणाऱ्यांचा कोणाला स्वतःचा अनुभव आहे का? खर्च किती आला? डेटा निघाला नाही तर पैसे घेतले का? आणि सगळ्यात आधी ऑडिओचं फोल्डर काढा, असं त्यांना सांगता येतं का?