मदत हवी आहे: तोडीच्या मोकळ्या जागेत वटवाघळांच्या नोंदी जास्त, दाट जंगलात कमी, अर्थ कसा लावावा?

नमस्कार. उष्णकटिबंधीय जंगलात वृक्षतोडीने झालेल्या मोकळ्या जागांचा कीटकभक्षी वटवाघळांच्या समुदायावर काय परिणाम होतो, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. मोकळी जागा, तिची कड आणि आतले दाट जंगल, असे तिन्हीकडे अल्ट्रासॉनिक डिटेक्टर (वटवाघळांच्या, माणसाला ऐकू न येणाऱ्या हाका टिपणारी यंत्रे) रात्रभर लावले होते. सर्वांत जास्त हाका कडेला मिळाल्या, सर्वांत कमी दाट जंगलात. मात्र एवढ्यावरून तोड वटवाघळांच्या पथ्यावर पडली, असे लिहायला मन धजत नाही.

मोकळ्या जागेतल्या फायलींत बहुतेक हाका मोलोसिडी कुळातल्या, म्हणजे लांब, अरुंद पंखांनी उघड्यावर वेगात शिकार करणाऱ्या वटवाघळांच्या आहेत; साधारण २० ते ४० किलोहर्ट्झच्या, स्पेक्ट्रोग्रामवर (वेळेनुसार वारंवारता दाखवणाऱ्या आलेखावर) किंचित कललेल्या. जंगलातली हॉर्सशू वटवाघळे रुंद पंखांची आणि संथ उडणारी. त्यांची हाक म्हणजे एकाच वारंवारतेवरची सरळ आडवी रेघ आणि टोकाला खाली वळलेली शेपटी. त्या स्थिर सुरामुळेच पानांच्या गर्दीतही पतंगाच्या पंखांची फडफड त्यांना प्रतिध्वनीतून ओळखता येते. पण वारंवारता जितकी जास्त तितका आवाज हवेत लवकर विरतो, आणि मध्ये पाने आली की उरलासुरलाही अडतो. म्हणजे जंगलात वटवाघळे कमी आहेत, की डिटेक्टरला ऐकूच कमी येते?

शिवाय एकच वटवाघूळ कडेने रात्रभर येरझाऱ्या घालत असेल, तर हाकांची संख्या फुगते.

ब्राझीलमधील मनाउसजवळ १९७९ साली सुरू झालेल्या प्रकल्पात १, १० आणि १०० हेक्टरचे जंगलाचे तुकडे राखून दीर्घकाळ अभ्यास झाला आहे. मात्र अमेरिका खंडांत हॉर्सशू वटवाघळे नाहीत. तेथे पानांवरचे किडे टिपणारी बरीच जंगली वटवाघळे अत्यंत हळू आवाजात हाक देतात. तेथील निष्कर्ष आशियातल्या जंगलांना कितपत लागू करावेत? आणि तिन्ही ठिकाणांची तुलना न्याय्य कशी करावी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

तुमची शंका रास्त आहे. सर्वप्रथम एकूण हाकांची बेरीज बाजूला ठेवा. प्रत्येक जातीची, ते शक्य नसेल तर प्रत्येक शिकारी गटाची तुलना त्याच जातीशी किंवा गटाशी करा. ठरावीक तीव्रतेचा अल्ट्रासॉनिक सूर वेगवेगळ्या अंतरांवरून वाजवून प्रत्येक ठिकाणी डिटेक्टरचा पल्ला मोजा. हे काम कंटाळवाणे आहे, पण परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतात. जंगलात हार्प ट्रॅपची (उभ्या ताणलेल्या बारीक तारांच्या सापळ्याची) जोड द्या, कारण साधे मिस्ट नेट (बारीक दोऱ्यांचे जाळे) या वटवाघळांना प्रतिध्वनीवरून सहज कळते. अनेक रात्रींच्या नोंदी असतील तर ‘जात तेथे आहे की नाही’ आणि ‘असूनही ऐकू आली नाही’ या दोन शक्यता ऑक्युपन्सी मॉडेल या सांख्यिकी पद्धतीने वेगळ्या काढता येतात.

अमेरिकेतले आकडे उचलू नका, तर्क उचला: पंखांचा आकार आणि हाकेची ठेवण यांवरून मोकळ्या जागेत कोण टिकेल याचा अंदाज दोन्हीकडे बांधता येतो.

एक गोष्ट मात्र प्रबंधात स्पष्ट लिहाच. कडेला ऐकू येणारी हाक शिकारीची आहे, वस्तीची नव्हे. मोलोसिडी दुरून उडत येतात; पण झाडांच्या ढोलीत किंवा गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत दिवस काढणाऱ्या जातींचा आसरा झाडांबरोबरच तुटतो. तोडीच्या जागेभोवतीच्या ढोलींची मोजणी केली आहे का?