मायकेल जॅक्सनच्या मुंबईतील कार्यक्रमाची करमाफी : मूळ आदेश कोठे मिळेल?

कागदशोध्या
मायकेल जॅक्सनच्या अंधेरीतील कार्यक्रमाला करमणूक करातून जी सूट मिळाली, तिचा मूळ आदेश मला तातडीने हवा आहे. बातम्यांची कात्रणे कृपया पाठवू नयेत, कारण त्यांचा ढीग माझ्याकडे आहे आणि त्यांत एकच मजकूर फिरवून दिलेला आहे. शासनाच्या संकेतस्थळावर शोधून दमलो. ठिकाण ठाऊक असल्यास आजच कळवावे.

हिशेबनीस
कोणता आदेश? १९९६ मध्ये युती सरकारने सूट दिली. मुंबई ग्राहक पंचायतीने तिला आव्हान दिल्यावर २०११ मध्ये उच्च न्यायालयाने शासनाला नव्याने निर्णय घेण्यास सांगितले. आणि जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने सुमारे ३ कोटी ३६ लाख रुपयांची तीच सूट पुन्हा मंजूर केली. तिन्ही कागद वेगवेगळ्या दप्तरांत आहेत. शिवाय हे कशासाठी हवे आहे, तेही आपण लिहिलेले नाही.

अंधेरीकर
१ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी मी त्या क्रीडासंकुलात होतो, त्यामुळे अधिकाराने सांगतो, की कागदांच्या मागे लागण्यापेक्षा तेथे हजर असलेल्यांशी बोलावे. कार्यक्रम शिव उद्योग सेनेच्या मदतीसाठी होता, तरुणांच्या रोजगाराचा हेतू होता, मग सूट दिली तर बिघडले कोठे?

हिशेबनीस
हेतू चांगला असला तरी सूट का दिली याची कारणे कागदावर असावी लागतात, आणि वाद नेमका त्यावरच होता. आपले तिकीट जपून ठेवले असेल, तर त्यावर कराची रक्कम वेगळी छापली होती का, एवढे पाहून सांगावे. प्रश्नकर्त्याला आठवणींपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

सूरवेडा
जॅक्सनच्या ज्या जागतिक दौऱ्यात हा कार्यक्रम झाला, त्याची सुरुवात ७ सप्टेंबर १९९६ रोजी प्रागमध्ये झाली आणि शेवट १५ ऑक्टोबर १९९७ रोजी डर्बनमध्ये. एकूण ८२ कार्यक्रम झाले. मुंबईचा कार्यक्रम क्वालालंपूर आणि बँकॉक यांच्यामध्ये आला, आणि भारतात तो गायला तो तेवढाच. माझ्या मते १९९२-९३ चा आधीचा दौरा गाण्यांच्या दृष्टीने सरस होता.

अंधेरीकर
सरस कसला! प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय अशी मते देऊ नयेत. आणि तिकीट घर बदलताना हरवले.

कागदशोध्या
दौऱ्याचे वेळापत्रक मी विचारलेले नाही. मला १९९६ चाच आदेश हवा आहे, हे उघड आहे. प्रबंधातील एक प्रकरण त्यावर अडले असून मार्गदर्शकांना मूळ प्रतीखेरीज काही चालत नाही.

हिशेबनीस
प्रबंध म्हटल्यावर मार्ग सोपा होतो. करमणूक शुल्काचा विषय महसूल विभागाकडे असे, म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज मंत्रालयात त्या विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे करावा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा, त्यामुळे दौऱ्याचा इतिहास त्यात लिहीत बसू नये. मात्र इतकी जुनी धारिका सापडत नाही असे उत्तर येण्याची शक्यता धरून चालावे. म्हणून मी आधी दुसरीकडे जाईन : ज्या आदेशाला आव्हान दिले जाते त्याची प्रत याचिकेला जोडलेली असते. ती न्यायालयाच्या दप्तरात असेल आणि बहुधा ग्राहक पंचायतीकडेही. न्यायालयाकडून प्रत घेताना, पक्षकार नसल्यास, कारण देऊन अर्ज करावा लागतो.

सूरवेडा
दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जुन्या वृत्तपत्रांच्या फाइली पाहिल्यात का? विमानतळावर सोनाली बेंद्रे यांनी नऊवारी नेसून केलेल्या स्वागताची छायाचित्रेही मिळतील.

कागदशोध्या
कात्रणे नकोत, हे पहिल्याच परिच्छेदात लिहिले आहे. हिशेबनीस, पंचायतीच्या कार्यालयात थेट गेलो तर चालेल का, की आधी पत्र द्यावे?

हिशेबनीस
विद्यापीठाच्या विभागाचे पत्र घेऊन जावे. २०११ च्या निकालावर याचिकेचा क्रमांक असेल. तो पत्रात घालावा, म्हणजे त्यांनाही शोधणे सोपे जाईल.