वारीतल्या बाईचा फोटो काढताना तिला विचारायचं की नाही?

नीराकाठ
माझी आत्या गेली सतरा वर्षं आळंदीहून पायी वारीला जाते. मागच्या आषाढीनंतर तिच्या सुनेने मला फोनवर एक फोटो दाखवला. पहाटेचा तळ, पाण्याचा टँकर, मागच्या नळाखाली अंघोळीला बसलेली एक म्हातारी. दोघीजणी तिच्याभोवती लुगड्याचा आडोसा धरून उभ्या आहेत. वाऱ्याने त्याचं एक टोक उडालंय आणि नेमका त्या फटीतून फोटो काढलाय. ओलं लुगडं अंगाला चिकटलेलं, तांब्या डोक्यावर, तोंड स्पष्ट. ती आमची आत्या. एका स्पर्धेत त्या फोटोला बक्षीस मिळालं आणि तिथून तो गावातल्या ग्रुपवर आला.

आत्या रडली नाही, चिडलीही नाही. एवढंच विचारलं, "कुणाकुणाकडं गेलाय?" आधी तळावर ती चारला उठायची. यंदा म्हणते, अडीचला उठून अंधारातच उरकून घेईन.

उजेड छान पकडलाय, ते मला दिसतं. पण वारीत बायकांना न्हाणीघर नसतं. दोघींनी धरलेलं लुगडं हीच तिथली भिंत. ती ओलांडून फोटो काढायचा आणि वर 'सार्वजनिक जागा आहे' म्हणायचं, हे मला पटत नाही. विचारल्याशिवाय ओळखू येईल असा चेहरा टिपू नये, निदान कुठे लावू तरी नये, असं माझं मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

शटरवेडा
ताई, आत्यांच्या बाबतीत झालं ते चूकच, त्यात वादच नाही. पण त्यावरून काढलेला नियम मला मान्य नाही. मी बारा वर्षं वारी शूट करतोय. दिवे घाट चढताना डोक्यावर तुळस घेतलेली बाई, चांदोबाच्या लिंबाला रिंगणात धावणारा अश्व बघणारे चेहरे, हे विचारून मिळत नाही. विचारलं की माणूस पदर सावरतो, ताठ उभा राहतो, हसणं बंद करतो. मग तो त्या माणसाचा फोटो राहत नाही, कॅमेऱ्यापुढे उभ्या माणसाचा होतो. आपल्या आजी-पणजीच्या काळातले बाजार, जत्रा, गिरण्यांसमोरची गर्दी आज बघायला मिळते, ती कुणी प्रत्येकाची परवानगी घेतली म्हणून नाही. विचारूनच काढायचं ठरलं तर पन्नास वर्षांनी आजच्या वारीचं काय उरेल? पुढाऱ्यांचे हारतुरे.

काळा कोट
कायद्याचं थोडं सांगते, कारण 'सार्वजनिक जागेत सगळं चालतं' हा गैरसमज फार पसरलाय. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत हक्क मानला. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचं खासगीपण संपत नाही, हेही त्या निकालात आहे. रस्त्यावर साधा फोटो काढणं आपल्याकडे गुन्हा नाही. पण भारतीय न्याय संहितेचं कलम 77 बघा. कोणी बघत नाही अशी अपेक्षा जिथे असते तिथल्या बाईच्या खासगी कृतीचं चित्र टिपणं, ते पसरवणं गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास किमान एक वर्षाची शिक्षा, कमाल तीन.

त्यातलं एक स्पष्टीकरण या चर्चेच्या मुळाशी जातं. बाईने चित्र काढायला संमती दिली असेल, पण दुसऱ्यांना दाखवायला दिली नसेल, तरी ते पसरवणं गुन्हाच. म्हणजे काढणं आणि पसरवणं या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. उघड्या तळावरचा आडोसा कलमातल्या व्याख्येत बसतो का, यावर कोर्टात वाद होईल. माझ्या मते बसायला हवा.

शटरवेडा
काढणं वेगळं आणि पसरवणं वेगळं, हे मला पटतं. ताईंच्या मूळ मतात दोन्ही एकत्र झालंय.

माळकरी
रामकृष्णहरी. मी स्वतः दिंडीत चालतो, म्हणून लिहितो. आम्हाला फोटोचं वावडं नाही. उलट बायका हाक मारून सांगतात, माऊली, आमचा पण काढ. त्यांची तक्रार एकच असते, की काढतात सगळे, देत कुणी नाही. एक पोरगा मात्र दरवर्षी येतो. दिंडीचा नंबर आणि रथापुढची की रथामागची, एवढं वहीत लिहून नेतो आणि पुढच्या वर्षी तळावर प्रती घेऊन शोधत येतो. आमच्यातल्या एक आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या. घरी भिंतीवर त्याच पोराने काढलेला फोटो आहे, दुसरा नव्हताच. त्यामुळे फोटोवाल्यांना सरसकट वाईट म्हणू नका. मोबाइलवाल्यांचं मात्र बघा काहीतरी. पाय चेपत बसलेल्या माणसाच्या तोंडापुढे फोन धरतात आणि नमस्कारही न करता निघून जातात.

पानगळ
माळकरीदादांचा प्रतिसाद फार आवडला. पण शटरवेडा, इतिहासाचा दाखला दिलाय तर पुरता देऊ या. 1936 साली कॅलिफोर्नियात निपोमोजवळच्या मजूर तळावर डोरोथिया लँग यांनी एका आईचा फोटो काढला. गालाला हात, दोन्ही खांद्यांवर तोंड लपवलेली पोरं. मंदीचं चित्र म्हणून जगभर गेला. लँग यांनी तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. चाळीसहून जास्त वर्षांनी, 1978 साली, ती बाई पुढे आली. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन. तिचं म्हणणं होतं, हा फोटो काढला नसता तर बरं झालं असतं, मला त्यातून एक पैसा मिळाला नाही. फोटो छापून आल्यावर त्या तळावर सरकारने अन्न पाठवलं, पण तोवर तिचं कुटुंब पुढच्या गावी निघून गेलं होतं.

शटरवेडा
ती गोष्ट 1978 ला थांबत नाही. 1983 मध्ये त्या आजारी पडल्या, मुलांनी मदतीचं आवाहन केलं आणि देशभरातून पैसे आणि पत्रं आली. कारण लोकांना तो चेहरा पाठ होता. पत्रं वाचून त्या फोटोकडे बघण्याची आपली नजर बदलली, असं मुलांनीच सांगितलं. आणि लँग तो फोटो सरकारी कामासाठी काढत होत्या, त्यावर त्यांनी पैसा केला नाही.

पानगळ
मान्य. पण चाळीस वर्षं ती बाई आपला चेहरा जिथे तिथे बघत राहिली, त्याची भरपाई त्या पत्रांनी झाली असं मी म्हणणार नाही. नाव विचारायला किती वेळ लागला असता?

श्टुटगार्टकर
इथे जर्मनीत यावर 1907 पासून कायदा आहे. 1898 साली जर्मनीचे माजी चान्सलर बिस्मार्क वारले, तेव्हा दोन फोटोग्राफर रात्री घरात घुसले आणि मृतदेहाचा फोटो काढून आले. त्या प्रकरणातून हा कायदा आला. माणसाचं चित्र छापायला, लावायला त्याची संमती लागते. मात्र सभा, मिरवणुका यांना सूट आहे. म्हणजे या हिशेबाने दिवे घाटातली वारी विचारल्याशिवाय छापता येईल, टँकरखालच्या आजी येणार नाहीत. फरक इतका साधा आहे. इथले फोटोग्राफर काही उपाशी मेलेले नाहीत.

चिमणचारा
2025 च्या कुंभमेळ्यात माळा विकणाऱ्या मुलीचं काय झालं ते आठवा. डोळे सुंदर म्हणून रील फिरली, मग गर्दी इतकी की माळा विकणंच बंद. वडिलांनी घरी परत पाठवलं. पुढे तिचं चांगलं झालं असं सांगतील लोक, पण ती आली होती धंदा करायला.

नीराकाठ
सगळ्यांचे आभार. शटरवेडा, माझ्या मतात एक बदल करते. काढायच्या आधी विचाराच, हा हट्ट मी सोडते. घाट चढणारी बाई लोकांत आहे, तिलाही ते माहीत आहे. पण एकट्या माणसाचा चेहरा स्पर्धेला, पानावर, बॅनरवर जाणार असेल तर काढल्यानंतर दोन पावलं पुढे जाऊन तिला तो पडद्यावर दाखवा आणि विचारा. त्याने क्षण बिघडत नाही, तो तुमच्याकडे आलेला असतो. आणि अंघोळ, कपडे बदलणं, उघड्यावर बसणं, झोप, यांच्याकडे कॅमेरा वळूच नये. तिथे नंतर विचारण्याचाही प्रश्न नाही.

शटरवेडा
दाखवून विचारण्याचं मी करून बघेन. धावत्या रिंगणात जमणार नाही, ते आत्ताच सांगतो, आणि गर्दीतल्या चेहऱ्यांबाबत माझं मत तेच आहे.

काल रात्री जुन्या हार्डडिस्क काढून बसलो होतो. टँकरवरचे तीन फोटो माझ्याकडेही निघाले. लांबच्या लेन्सने काढलेले, एकीचा चेहरा ओळखू येतो. कुठे टाकले नव्हते, पण काढले होते. उजेड बघितला, बाई बघितली नाही. तिन्ही पुसले.

नीराकाठ
बरं केलंत. आत्याला सांगते. ती अजून अडीचचंच म्हणतेय.