मदत हवी आहे - रडवणारा पण झोप येऊ देणारा पिक्चर सुचवा

मंडळी एक विचित्र मदत हवीय. गेल्या रविवारी बाबांच्या आग्रहाने 'श्वास' लावला, 2004 चा, आजोबा आणि छोट्या परश्याचा. मला वाटलं होतं शेवटाला बाबा उठून जातील, कारण ऑपरेशननंतर पोराला कायमचं दिसणार नाही हे आधीपासून माहितीच असतं. पण ते होडीतून घरी परततात, काळा चष्मा घातलेला परश्या हात हलवतो, तिथे बाबांनी रडून रडून पंचाचं टोक ओलं केलं आणि मग काय तर म्हणे चहा टाक, भूक लागली. छान झोपले पण रात्री!

उलट 'सैराट'ला आम्ही सगळे नुसते गप्प. शेवटी आर्ची-परश्याचं छोटं पोरगं आईबापाच्या रक्तात पाय भरून बाहेर येतं आणि आवाजच बंद, ना गाणं ना पार्श्वसंगीत. रडू आलंच नाही, घशात अडकून बसलं, आईने तर दोन दिवस नीट जेवण नाही केलं आणि अजून झिंगाट लागलं की चॅनल बदलते. (लग्नाच्या वरातीत काय करणार देव जाणे.)

तर मला पहिल्या प्रकारचे पिक्चर हवेत, मराठीच असं नाही, दु:ख खोटं गोड केलेलं नको पण शेवटी रडून मोकळं व्हायला जागा पाहिजे. आईबाबांसोबत बघता येतील असे सांगा ना प्लीज. आणि तुमच्याकडेही असं होतं का, की जिथे रडू येत नाही तोच शेवट जास्त दिवस छळतो?